सुवर्ण गुणोत्तर : प्राचीन वास्तूंमध्ये खरंच आहे का?



डिसेंबर-जानेवारी आला की शाळाशाळांतून विज्ञान-गणित प्रदर्शनाची गडबड सुरू होते. त्यात एक तक्ता हमखास असतो. मधोमध १.६१८ ही संख्या सोनेरी स्केचपेनने मोठ्ठी लिहिलेली, एका बाजूला इजिप्तचा पिरॅमिड, दुसऱ्या बाजूला अथेन्सचं पार्थेनॉन, खाली मोनालिसा, शंख आणि सूर्यफूल. मुलं पाठ केलेलं भडाभडा बोलतात : "प्राचीन लोकांना सौंदर्याचं रहस्य माहीत होतं. सर्व महान वास्तू सुवर्ण गुणोत्तरात बांधल्या आहेत."

तक्ता दिसतो छान. पण आपण गणित शिकवतो, म्हणून एक साधा प्रश्न विचारायलाच हवा : मोजलं कुणी? कुठून कुठपर्यंत मोजलं? आणि बांधणाऱ्याने तसं ठरवून बांधलं होतं हे कशावरून? आजच्या लेखात आपण हेच करू या. सुवर्ण गुणोत्तर म्हणजे काय ते आधी नीट समजून घेऊ आणि मग एकेक वास्तू फूटपट्टी घेऊन तपासू. यातलं बरंचसं इयत्ता पाचवी ते आठवीच्या मुलांना वर्गात करता येण्यासारखं आहे.

आधी गुणोत्तर समजून घेऊ

एक मीटर लांबीचा दोरा घ्या. तो एका ठिकाणी कापायचा आहे, पण कसाही नाही. पूर्ण दोऱ्याचं मोठ्या तुकड्याशी जे गुणोत्तर, तेच मोठ्या तुकड्याचं लहान तुकड्याशी यायला हवं. मधोमध कापला तर? पूर्ण : अर्धा म्हणजे २, आणि अर्धा : अर्धा म्हणजे १. जमलं नाही. ६० सेंटिमीटरवर कापला तर १०० भागिले ६० म्हणजे १.६६ आणि ६० भागिले ४० म्हणजे १.५. जवळ आलो, पण अजून नाही. ६१.८ वर कापला तर १०० भागिले ६१.८ म्हणजे १.६१८, आणि ६१.८ भागिले ३८.२ म्हणजेही १.६१८. आलं! हेच सुवर्ण गुणोत्तर.

मुलांना थेट सूत्र देऊ नका. दोरा द्या, कॅल्क्युलेटर द्या आणि शोधू द्या. चार-पाच प्रयत्नांत मुलं ६१-६२ च्या आसपास पोहोचतात आणि मग दशांशाच्या मागे लागतात. ते दशांश संपत नाहीत, हे सांगायची हीच योग्य वेळ. ही संख्या अपरिमेय आहे. ५ चं वर्गमूळ काढा, त्यात १ मिळवा आणि २ ने भागा, की हीच संख्या मिळते.

हे गुणोत्तर कंपासने काढताही येतं. १० सेंटिमीटर बाजूचा चौरस काढा. खालच्या बाजूचा मध्यबिंदू घ्या. त्या बिंदूवर कंपासचं टोक ठेवून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत अंतर घ्या आणि कंस खाली फिरवून पायाची रेषा वाढवलेली असेल तिथे छेदा. डावीकडच्या कोपऱ्यापासून छेदापर्यंत मोजा. १६.२ सेंटिमीटरच्या किंचित आत येईल. पायथागोरसच्या प्रमेयाने पडताळा करा : ५ चा वर्ग अधिक १० चा वर्ग म्हणजे १२५, त्याचं वर्गमूळ ११.१८, त्यात ५ मिळवले की १६.१८.

युक्लिडने काय लिहिलं आणि काय लिहिलं नाही

वरची रचना काही माझी नाही. इसवी सनपूर्व ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियात युक्लिडने 'एलिमेंट्स' नावाचे तेरा भाग लिहिले. त्यातल्या दुसऱ्या भागात ती आहे आणि सहाव्या भागात दोऱ्याची व्याख्या आहे. युक्लिड त्याला सुवर्ण वगैरे काही म्हणत नाही. त्याचा शब्द अगदी रूक्ष आहे, 'अंत्य आणि मध्य गुणोत्तर' अशा अर्थाचा.

त्याला हे गुणोत्तर हवं कशाला होतं? सुसम पंचकोनासाठी. सुसम पंचकोनाचा कोणताही कर्ण आणि कोणतीही बाजू घ्या, गुणोत्तर १.६१८ येतं. सगळे कर्ण काढले की आत पाच टोकांची चांदणी तयार होते, आणि त्या चांदणीतही कर्ण एकमेकांना याच गुणोत्तरात छेदतात. चांदणीच्या पोटात पुन्हा एक छोटा पंचकोन, त्यात पुन्हा चांदणी. पंचकोन कंपास-पट्टीने काढायचा, आणि पुढे बारा पंचकोनी पृष्ठांची घनाकृती रचायची, तर हे गुणोत्तर लागतंच. म्हणजे प्राचीन ग्रीकांना सुवर्ण गुणोत्तर माहीत होतं, यात शंका नाही. लेखी पुरावा आहे.

पण युक्लिडच्या त्या तेरा भागांत 'हे गुणोत्तर सुंदर दिसतं' किंवा 'मंदिरं अशी बांधा' असं एक वाक्य नाही. गणितात एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं आणि ती दगडात वापरणं वेगळं. आपल्या तक्त्यावर नेमका हाच फरक पुसला जातो.

पार्थेनॉन

आता सर्वांत प्रसिद्ध उदाहरणाकडे येऊ. अथेन्सच्या टेकडीवरचं अथीना देवीचं हे मंदिर इसवी सनपूर्व ४४७ मध्ये बांधायला घेतलं आणि शिल्पकामासह ४३२ मध्ये पूर्ण झालं. वास्तुविशारद इक्टिनस आणि कॅलिक्रेटीस, शिल्पकामावर देखरेख फिडियसची. म्हणजे युक्लिडच्या आधी जवळजवळ दीडशे वर्षं.

पुस्तकांत आणि व्हिडिओंत पार्थेनॉनच्या दर्शनी बाजूवर एक सोनेरी आयत काढलेला असतो आणि आत गोगलगायीसारखी वळत जाणारी रेषा. बघताना पटतं. पण मोजून बघा. सर्वांत वरच्या पायरीवर, म्हणजे जिथे खांब उभे आहेत तिथे, मंदिराची रुंदी सुमारे ३०.९ मीटर आहे. या रुंदीवर सुवर्ण आयत बसवायचा तर उंची १९.१ मीटर हवी. प्रत्यक्षात खांब आणि त्यावरचे आडवे दगडी थर धरून उंची होते सुमारे १३.७ मीटर. ३०.९ भागिले १३.७ म्हणजे २.२५ च्या आसपास.

मग तो आयत बसतो कसा? वरचं त्रिकोणी शिखर धरायचं, खालच्या एक-दोन पायऱ्याही धरायच्या, आणि रेघ जरा जाड काढायची. कुणी वरच्या पायरीपासून सुरू करतं, कुणी खालच्या. कधी पायऱ्यांची टोकं आयताबाहेर राहतात, तिकडे कुणी बघत नाही. शिवाय ते शिखर आज अर्धवट तुटलेलं आहे. १६८७ मध्ये व्हेनिसच्या सैन्याने तोफा डागल्या तेव्हा आत ऑटोमन सैन्याने दारूगोळा साठवला होता, तो उडाला आणि मंदिराचा मधला भाग कोसळला. त्यामुळे आयताची वरची बाजू बहुतेक वेळा कल्पनेनेच पुरी करावी लागते.

गंमत अशी की पार्थेनॉनमध्ये ठरवून वापरलेलं एक गुणोत्तर खरोखर आहे, आणि ते तक्त्यावर कधीच नसतं. लांबी सुमारे ६९.५ मीटर, रुंदी ३०.९ मीटर. भागा. २.२५, म्हणजेच ९ : ४. रुंदी आणि वर सांगितलेली उंची? ९ : ४. दोन खांबांच्या मध्यांमधलं अंतर सुमारे ४.२९ मीटर आणि खांबाचा बुंध्याशी व्यास सुमारे १.९ मीटर. पुन्हा ९ : ४. एकच गुणोत्तर तीन वेगवेगळ्या ठिकाणी येतं, आणि तेही पायऱ्या इकडच्या तिकडे न करता. याला म्हणतात पुरावा. ४ हा २ चा वर्ग आणि ९ हा ३ चा वर्ग, हेही मुलांच्या लगेच लक्षात येतं. मला विचाराल तर त्या सोनेरी गोगलगायीपेक्षा हे जास्त सुंदर आहे.

मग पार्थेनॉनचं नाव सुवर्ण गुणोत्तराशी जोडलं कसं गेलं? इथे थोडा इतिहास लागतो. १५०९ मध्ये व्हेनिसला लुका पाचोली या गणिती धर्मगुरूचं 'दिव्य प्रमाण' या अर्थाच्या नावाचं पुस्तक छापलं गेलं. त्यातल्या घनाकृतींची चित्रं लिओनार्दो दा विंचीने काढली होती. नाव ऐकून वाटतं की यात चित्रकलेचं गुपित असेल. पण पाचोलीला दिव्यत्व दिसलं ते गणितात, आणि वास्तुकलेबद्दल बोलताना तो जुन्या रोमन पद्धतीची साधी पूर्णांकी गुणोत्तरंच सांगतो. 'सुवर्ण' हे विशेषण तर आणखी अलीकडचं. १८३५ मध्ये मार्टिन ओहम या जर्मन गणितज्ञाच्या पुस्तकात 'सुवर्ण छेद' हा शब्द छापलेला सापडतो. (विजेच्या ओहमच्या नियमातला जॉर्ज ओहम तो याचाच थोरला भाऊ!) त्यानंतर १८५४ मध्ये अडॉल्फ झायझिंग या जर्मन अभ्यासकाने मोठा ग्रंथ लिहून मांडलं की मानवी शरीर, झाडं, ग्रीक मंदिरं, सगळीकडे हेच एक प्रमाण आहे. आज आपल्या मोबाइलवर जे फिरतं त्याचं मूळ बऱ्याच अंशी या पुस्तकात आहे, ग्रीसमध्ये नाही.

आणि 'फाय' हे चिन्ह? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मार्क बार या गणितज्ञाने ते सुचवलं, फिडियसच्या नावाच्या ग्रीक आद्याक्षरावरून. म्हणजे फिडियसने हे वापरलं असेल असं मानून चिन्हाला त्याचं अक्षर दिलं, आणि आता लोक म्हणतात, "बघा, चिन्हातच फिडियसचं नाव आहे, म्हणजे त्याने वापरलंच असणार!" आपल्याच सावलीला साक्षीदार करण्याचा प्रकार आहे हा.

पिरॅमिड

पिरॅमिडची गोष्ट जास्त अवघड आहे, कारण तिथे आकडा खरोखर जुळतो.

गिझाचा मोठा पिरॅमिड खुफू राजाचा, इसवी सनपूर्व २६ व्या शतकातला. पायाची बाजू सुमारे २३०.३ मीटर, मूळ उंची सुमारे १४६.६ मीटर. आता एका पृष्ठाची तिरकस उंची काढा. पायाची अर्धी बाजू ११५.१५, तिचा वर्ग अधिक १४६.६ चा वर्ग, आणि बेरजेचं वर्गमूळ. उत्तर १८६.४ च्या आसपास. आता १८६.४ ला ११५.१५ ने भागा. १.६१९! आठवीचा वर्ग असेल तर इथे टाळ्या पडतात. पडू द्या.

मग पुढचं विचारा. इजिप्शियन लोक उतार मोजायचे कसे? अंशांत नाही. त्यांच्याकडे आपल्या जुन्या लोकांसारखीच मापं होती : बोट, मूठ, हात. चार बोटांची एक मूठ आणि सात मुठींचा एक राजहात, म्हणजे सुमारे ५२ सेंटिमीटर. भिंत एक हात वर गेली की ती किती मुठी आत सरकली, हा त्यांचा उताराचा हिशोब. त्याला ते 'सेकेद' म्हणत. हे आपण अंदाजाने म्हणत नाही. इसवी सनपूर्व १५५० च्या सुमाराचा ऱ्हाइंड पपायरस नावाचा गुंडाळी-कागद लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, त्यात अहमोस नावाच्या लेखनिकाने अशी उदाहरणं सोडवून दाखवली आहेत. त्यातलं एक : पायाची बाजू ३६० हात, उंची २५० हात, तर सेकेद किती? ३६० ची निम्मी १८०. १८० भागिले २५०, गुणिले ७. उत्तर ५ पूर्णांक १ छेद २५ मुठी. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं गणित आपली सातवीची मुलं सोडवू शकतात! एवढ्यासाठी तरी हे उदाहरण वर्गात घ्याच.

खुफूच्या पिरॅमिडचा सेकेद आहे साडेपाच मुठी. सात मुठी वर, साडेपाच मुठी आत. हातांत सांगायचं तर पाया ४४० हात आणि उंची २८० हात, म्हणजे अर्धा पाया २२० आणि उंची २८०, गुणोत्तर ११ : १४. एवढं साधं माप घेतलं की तिरकस उंचीचं गुणोत्तर आपोआप १.६१८६ येतं. खरं सुवर्ण गुणोत्तर १.६१८०. जुळणी साडेपाच मुठींमुळे झाली. इजिप्शियन मिस्त्रीला दुसरं काही माहीत असण्याची गरजच नव्हती.

"पण साडेपाचच का घेतलं? सुवर्ण गुणोत्तरासाठीच घेतलं असेल तर?" हा प्रश्न एखादं हुशार मूल विचारेल, आणि विचारलाच पाहिजे. याला दोन उत्तरं आहेत. पहिलं असं की, शेजारीच खुफूच्या मुलाचा, खाफ्रेचा पिरॅमिड उभा आहे. त्याचा सेकेद सव्वापाच मुठी, म्हणजे उंचीशी गुणोत्तर ३ : ४ आणि तिरकस बाजू ५. ओळखीचं ३-४-५! तिथे तिरकस उंची भागिले अर्धा पाया येतं १.६६७. खुफूच्या बापाचा, स्नेफ्रूचा लाल पिरॅमिड आणखी पसरट. त्याचं गुणोत्तर १.४ च्या आतच राहतं. हे प्रमाण पवित्र असतं तर बाप, मुलगा, नातू यांनी तीन वेगळे उतार का घेतले असते?

दुसरं उत्तर मला जास्त आवडतं. याच पिरॅमिडच्या पायाची परिमिती काढा : ४४० गुणिले ४ म्हणजे १७६० हात. तिला उंचीच्या दुपटीने, म्हणजे ५६० ने भागा. ३.१४२८. अरे, हा तर पाय! २२ भागिले ७! म्हणून एक गट सांगतो की पिरॅमिडमध्ये पाय दडवला आहे, दुसरा सांगतो की फाय दडवला आहे. योगायोगाने ४ भागिले पाय म्हणजे १.२७३ आणि सुवर्ण गुणोत्तराचं वर्गमूळ म्हणजे १.२७२, हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत की एक जुळला की दुसरा जुळतोच. एकाच उतारात दोन-दोन रहस्यं सापडायला लागली की समजावं, सापडणाऱ्याचा हात त्यात आहे. १४ : ११ या साध्या मापाने दोन्हींचा उलगडा होतो.

बाकीची प्रसिद्ध नावं

यांच्याबद्दल फार लिहीत नाही. पॉलिक्लीटस या ग्रीक शिल्पकाराने मानवी शरीराच्या प्रमाणांवर 'कॅनन' नावाचा ग्रंथ लिहिला होता. तो हरवला. हरवलेल्या ग्रंथात काहीही असू शकतं, म्हणून त्याच्या नावावर सुवर्ण गुणोत्तर खपवणं सोपं जातं. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसचा ग्रंथ मात्र शिल्लक आहे. त्यात शरीराची मापं आहेत : चेहरा उंचीच्या एक दशांश, पाऊल एक षष्ठांश. सगळे साधे अपूर्णांक. लिओनार्दोचं वर्तुळ-चौरसातल्या माणसाचं प्रसिद्ध चित्र याच मापांवर बेतलेलं आहे. आणि मोनालिसाचा फळा ७७ बाय ५३ सेंटिमीटरचा आहे. भागून बघा, १.४५ येतं.

आपल्याकडे

"मॅडम, मग आपल्या देवळांत असेल ना?" असं मुलं विचारतात. आपल्या परंपरेत प्रमाणांचा विचार खूप खोलवर झालेला आहे, आणि तो लिहूनही ठेवला आहे. शिल्पशास्त्रातलं माप म्हणजे ताल आणि अंगुल. १२ अंगुलांचा एक ताल. नवताल मूर्ती म्हणजे नऊ ताल, १०८ अंगुलं उंचीची. कोणती मूर्ती किती ताल, चेहरा किती, गळा किती, हे सगळं ठरलेलं. पाथरवटाला दशांश अपूर्णांक लागत नव्हता, दोरी आणि अंगुलाचं माप पुरत होतं. यज्ञवेदी रचण्यासाठी लिहिलेल्या शुल्बसूत्रांत तर २ चं वर्गमूळ काढायची रीत आहे : १ अधिक १ तृतीयांश, अधिक त्याचा चौथा भाग, उणे त्या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग. करून बघा, १.४१४२१ पर्यंत बरोबर येतं. अभिमान बाळगायचा तर हे आहे की, हातात धरता येईल असं. त्यासाठी प्रत्येक देवळावर बाहेरून आणलेली सोनेरी गोगलगाय चिकटवायची गरज नाही.

सुवर्ण गुणोत्तराच्या जवळ जाणारी एक वाट मात्र आपल्याकडे खरोखर आहे, आणि ती दगडातून नाही, छंदातून जाते. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल? चार लघु, दोन लघु एक गुरू, तेही तीन क्रमांनी, आणि दोन गुरू. एकूण ५. तीन मात्रांसाठी ३, पाच मात्रांसाठी ८, सहा मात्रांसाठी १३. प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज. विरहांकाने आणि पुढे ११५० च्या सुमारास हेमचंद्राने हे छंदशास्त्रात मांडलं. इटलीच्या फिबोनाचीचं पुस्तक १२०२ मधलं. या संख्यांत पुढची भागिले मागची करत गेलं की ८/५ म्हणजे १.६, १३/८ म्हणजे १.६२५, २१/१३ म्हणजे १.६१५, ३४/२१ म्हणजे १.६१९, असं आपण १.६१८ च्या भोवती झोके घेत जवळ जातो. वर्गात टाळ्या आणि चुटक्यांनी हे घ्या : चुटकी लघु, टाळी गुरू. गणिताचा तास आहे हे मुलं विसरतात.

ठरवून सुवर्ण गुणोत्तर वापरलेली वास्तू दाखवायचीच असेल, तर ती प्राचीन नाही, पण आपल्याच देशात आहे. ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदाने माणसाची उंची आणि सुवर्ण गुणोत्तर यांवरून 'मॉड्युलर' नावाची मापपद्धती बनवली, १९४८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, आणि चंदीगडच्या इमारतींत ती वापरली. त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे, म्हणून आपण खात्रीने सांगू शकतो.

एवढं काटेकोर व्हायची गरज काय?

काही शिक्षक मित्र म्हणतात, "अहो, मुलांना गणिताची गोडी लागते ना, मग लागू द्या की. थोडं इकडचं तिकडे झालं तर काय बिघडलं?" बिघडतं. मागच्या वर्षी आमच्या पाचवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत फूटपट्टी चेहऱ्याला लावून बसली होती. घरी कुणाच्या तरी मोबाइलवर तिने 'सौंदर्याचा फॉर्म्युला' नावाचा व्हिडिओ पाहिला होता. चेहऱ्याची लांबी भागिले रुंदी १.६१८ आली तर चेहरा सुंदर. तिचं उत्तर १.३ आलं होतं. "मॅडम, माझं खूपच कमी येतंय," ती म्हणाली. दहा वर्षांची पोर. पिरॅमिडबद्दल थोडं इकडचं तिकडे सांगितलं तर पिरॅमिडला काही होत नाही. पण "प्राचीन लोकांना माहीत होतं की १.६१८ म्हणजेच सौंदर्य" हे वाक्य तिथेच थांबत नाही, ते पोरीच्या गालापर्यंत येतं.

त्या दिवशी गणिताच्या तासाला आम्ही धडा बाजूला ठेवला. प्रत्येकाने वर्गातल्या दहा आयताकृती वस्तू मोजल्या : वही, पुस्तक, फळा, खिडकी, डबा, माझं एटीएम कार्ड. कार्ड ८.६ बाय ५.४, गुणोत्तर १.५९. एक मुलगा ओरडला, "जवळजवळ सुवर्ण!" मी फळ्यावर 'जवळजवळ' हा शब्द लिहिला आणि विचारलं, किती जवळ असलं की जवळ म्हणायचं? १.५ ते १.७ चालेल असं ठरलं तर वर्गातल्या बऱ्याच वस्तू सुवर्ण झाल्या, अगदी डस्टरसुद्धा. १.६१ ते १.६३ ठरलं तर एकही उरली नाही. मग चेहऱ्याचं आलं. चेहऱ्याची लांबी कुठून मोजायची? केस सुरू होतात तिथून, की डोक्याच्या टोकापासून? रुंदी कान धरून की कान सोडून? त्याच मुलीचा चेहरा वर्गाने चार पद्धतींनी मोजला आणि चार उत्तरं आली, त्यातलं एक १.६ होतं. ती हसायला लागली. "म्हणजे मी टेप कुठे धरते त्यावर आहे सगळं!" पार्थेनॉनच्या पायऱ्यांचं जे झालं तेच.

पालकांनी हा प्रयोग घरीही करावा. दहा वेगवेगळे आयत कागदावर काढा, चौरसापासून लांबुळक्या पट्टीपर्यंत, आणि घरातल्यांना आणि शेजाऱ्यांना विचारा की कोणता आवडला. एकोणिसाव्या शतकात फेखनर या जर्मन शास्त्रज्ञाने हाच प्रयोग केला, तेव्हा सुवर्ण आयताला सर्वांत जास्त पसंती मिळाली होती. नंतरच्या संशोधकांना मात्र कधी तसं आढळलं, कधी नाही. तुमच्या गल्लीचं उत्तर काय येतं ते बघा. आधी काहीही सांगू नका, नाहीतर मुलं हवं तेच उत्तर काढून आणतात.

शेवटी वर्गासाठी एक कृती, हिला साहित्य फुकटचं लागतं. जुन्या वर्तमानपत्राची ५ सेंटिमीटर रुंद आणि शक्य तितकी लांब पट्टी कापा. दोरीला मारतो तशी साधी गाठ पट्टीला मारा. हळूहळू दोन्ही टोकं ओढा, कागद चुरगळू देऊ नका, आणि गाठ बोटांनी दाबून सपाट करा. समोर सुसम पंचकोन तयार होतो. बाहेर आलेली शेपटं मागे दुमडून खिडकीच्या उजेडाला धरा, आत चांदणी दिसेल. आता पंचकोनाची एक बाजू मोजा, ५.३ सेंटिमीटरच्या आसपास येईल. कर्ण मोजा, साडेआठच्या आसपास. भागाकार १.६ येतो. इथे मुलांनी विचारलं की "पण हे जवळजवळच आहे ना, मग हे कसं खरं?" तर खूश व्हा, आणि युक्लिडच्या सिद्धतेकडे वळा : पंचकोनात दोन समरूप समद्विभुज त्रिकोण शोधायचे, एकाचे कोन ३६, ७२, ७२ अंश, आणि त्याच्याच आत बसलेला दुसरा तसाच छोटा. दहावीच्या मुलांना ती पूर्ण जमते. लहान मुलांना चांदणी पुरे.